रोजचे तीन मुक्काम

मिनिपा अडतीस किलोमीटर. पुचेरा सत्तर. विरुल्ला एकशेदहा.

वारा वायव्येचा. दुपारी वाढणार.

ओट्स अर्धा पुडा.

लिंडसेच्या छातीवर उभा गुलाबी व्रण, वीतभर.

पहिल्या तीन ओळी रेलीनने पेन्सिलने वहीत लिहिल्या होत्या. चौथी लिहायची गरज नव्हती.

सायकलसहलीत रोज तीन मुक्काम हेरून ठेवायचे, जवळचा, मधला, लांबचा. जो जास्त दमेल त्याने तोंडाने सांगायचं, मग जवळचा. नवराबायकोचा हा तीस वर्षांचा नियम. लिंडसेच्या हृदयशस्त्रक्रियेनंतरच्या या पहिल्याच सहलीत आठही दिवस दमली ती रेलीन. म्हणजे तसं सांगत आली. लिंडसेचे ओठ पांढरे दिसले की म्हणायची, "मेले बाई मी!" तो खुशीत थांबायचा आणि संध्याकाळी पबमध्ये ऐकवायचा, "माझं इंजिन नवं आहे हो, हिचंच जुनं झालंय."

आज तिला या नाटकाचाच शीण आला होता. शिवाय भीती होती. ज्याला स्वतःहून थांबता येत नाही, तो एक दिवस रस्त्यातच आडवा होणार. मी नसेन तेव्हा.

मिनिपाची धान्याची कोठारं लांबूनच दिसायला लागली आणि तासभर तेवढीच दिसत राहिली. फाट्यावर लिंडसेने पाय टेकला.

"काय म्हातारे, दमलीस ना?"

"छे. चल की पुचेराला."

"खरंच?"

"खरंच."

सहा किलोमीटर. वारा तोंडावर. मग लिंडसे सायकलवरून उतरला तो उतरलाच.

"चेहरा बघ तुझा कसा झालाय," तो म्हणाला.

"माझा बरा आहे."

"हट्टी बाई."

रेलीनने पाण्याची बाटली पुढे केली. 'मेले बाई' अगदी जिभेवर होतं, ते तिने गिळलं. एक लांबलचक ट्रक दोघांना हलवून गेला. लिंडसे खडीकडे बघत राहिला.

"दमलोय," तो म्हणाला. "मी."

"बरं. मग जवळचा मुक्काम."

"मागे? एवढं रेटून आलो आणि परत जायचं?"

"मागे जायचं नाही असं कुठे ठरलंय, बाबा?"

वारा पाठीशी घेऊन ते पाव तासात मिनिपाला आले. पबवाल्या बाईने विचारलं, "इतक्या लवकर मुक्काम? दमलं कोण?"

रेलीन हातमोजे काढत बसली.

"मीच," लिंडसे म्हणाला. "सूप आहे का काही?"

पुढच्या मंगळवारी ते सहलीच्या शेवटच्या गावी, सेदुनाला, पोचले, शेवटचे चाळीस किलोमीटर एका शेतकऱ्याच्या पिकअपमधून.