शालीखालची थाळी

मित्रांनो, सत्कार चालू असला की तुम्ही शालीकडे बघता, नारळाकडे बघता, फोटोसाठी हसणाऱ्या माणसाकडे बघता. त्या सगळ्याच्या खाली मी असते. मी एक जुनी पितळी थाळी आहे. कल्याणच्या एका तांबटाने ठोकून ठोकून मला घडवलं, तेव्हा माझ्यात लग्नाचे लाडू रचले जातील असं त्याला वाटलं होतं. पण ठाण्यात नौपाड्याजवळच्या एका कॉलेजाने मला विकत घेतलं आणि माझ्या नशिबी शाली आल्या. तिथे मला 'सत्काराचं तबक' म्हणतात.

सुरुवातीला मी फार तोऱ्यात असे. कार्यक्रम आला की चिंच लावून मला लख्ख घासत, माझ्यावर गुलाबाच्या पाकळ्या पसरत. कार्यक्रम संपला की पुन्हा कपाटात, जुन्या बॅनरच्या गुंडाळ्यांखाली. त्याचंही मला काही वाटत नसे, कारण मला धरणारे हात फार चांगले होते.

ते हात दक्षताचे. सगळे तिला मॅडम म्हणतात, पण माझ्यासाठी ती दक्षताच. बाळकुमच्या कोळ्यांची लेक, कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवते. खाडीच्या चिखलात टुणटुण उड्या मारणारे निवटे मासे हा तिच्या संशोधनाचा विषय. वर्षभर दर अमावास्येच्या मोठ्या ओहोटीला चिखलात उतरायचं आणि त्यांची बिळं तपासायची, असं तिचं काम. एक अमावास्या चुकली तरी अख्खं वर्ष वाया.

आणि कॉलेजचे कार्यक्रम हमखास त्याच दिवशी! "मॅडम, तबक तुम्हीच धरा, तुमच्यासारखं कुणाला जमत नाही," असं प्राचार्य म्हणत आणि ती थांबे. पाहुण्यांचं स्वागत तिच्याकडे, रांगोळी तिच्याकडे, आभार मानायचे तेही तिनेच. तिची दोन वर्षं अशीच मोडली.

तिच्याबरोबर सुशांत नोकरीला लागला होता. दोघांचा विभाग एकच. माणूस वाईट नाही हो. "तू बाहेरचं सगळं सांभाळतेस म्हणून मला आत प्रयोगशाळेत बसता येतं गं," असं तो मनापासून म्हणायचा. त्याचे शोधनिबंध एकामागून एक छापून येत होते. दोघांच्या बढतीच्या मुलाखती जवळ आल्या होत्या आणि निबंधांशिवाय बढती नाही, हे दोघांनाही ठाऊक होतं.

यंदा दक्षताने एकही अमावास्या चुकवली नव्हती. शेवटची तेवढी राहिली होती. नेमका त्याच दुपारी कॉलेजात संशोधकांचा गौरव समारंभ ठरला. ती खाडीवर निघणार, तोच प्राचार्य म्हणाले, "आज जाऊ नका मॅडम. तुमचाही सत्कार आहे. आईंनाही बोलवा."

संशोधकांमध्ये आपलं नाव! ओहोटी संध्याकाळची आहे, उजेड आहे तोवर खाडी गाठू, असा विचार करून ती थांबली. आईला फोन करून तिने मला हौसेने उचललं. मीही हरखून गेले होते. इतक्या वर्षांत एकदा तरी माझ्यावरची शाल तिला मिळणार होती.

व्यासपीठावर सत्कारमूर्ती ओळीने बसले होते. ओळीत एकही बाई नव्हती. प्रमुख पाहुणे माइकवर म्हणाले, "महिला प्राध्यापकांचं संशोधन जरा कमीच पडतं. पण काय करणार, त्यांना संसार असतो!" सभागृहाने माना डोलावल्या. मित्रांनो, मी सुन्न झाले. अहो, संसारात कुठे अडकलीय ती? ती इथे उभी आहे, तुमच्या शाली धरून! पण थाळीला तोंड नसतं.

सुशांतला शाल मिळाली. मग दक्षताचं नाव पुकारलं गेलं. "उत्कृष्ट स्वागत व्यवस्थेबद्दल विशेष सत्कार!"

मला कुणीतरी फरशीवर आपटल्यासारखं झालं. प्राचार्यांनी माझ्यावरची शाल उचलून तिच्या खांद्यांवर घातली. मला हातातून घ्यायला कुणी पुढे आलंच नाही, तेव्हा ती मला धरूनच उभी. त्यांनी नारळ उचलला, तिचे दोन्ही हात गुंतलेले पाहिले आणि तो परत माझ्यावरच ठेवला. फोटोही काढला.

पहिल्या रांगेतून तिची आई, चंद्रभागाबाई, मोठ्याने म्हणाली, "बाय, सत्कार तुजा, न थाली बी तूच कनाला धरलीस?"

सभागृह हसलं. दक्षताने खिडकीकडे पाहिलं. उन्हं कलत होती. ती वळली आणि मला सरळ सुशांतच्या हातांत देऊन टाकलं.

"धर. मी खाडीवर चाललेय."

"अगं, पण अजून बरेच सत्कार बाकी आहेत! किती वेळ धरायचं हे?"

"मी नोकरीला लागल्यापासून धरतेय," ती म्हणाली आणि आईला घेऊन शालीसकट निघून गेली.

सुशांतला माझा तोल सांभाळेना. नारळ घरंगळत पाहुण्यांच्या पायाशी गेला. तरी तो शेवटपर्यंत उभा राहिला. त्याचे दंड भरून आले. "हे असं असतं होय," तो स्वतःशीच पुटपुटला. आता तो मला नीट धरतो. कोपरं पोटाशी टेकवून धरायचं, हे त्याला दक्षतानेच शिकवलं.

त्या संध्याकाळी ती उजेडात चिखलात उतरली. तिचं वर्ष पुरं झालं, निबंधही लिहून झालाय. मुलाखत अजून व्हायची आहे, तिचं काय होईल ते मला ठाऊक नाही. इतकी वर्षं मी तिच्या हातांत होते, आणि तिचे हात मीच अडवले होते हे मला कधी उमगलंच नाही.

मित्रांनो, मला जपा असं मी म्हणणार नाही. पितळ आहे, टिकेन. पण पुढच्या वेळी टाळ्या वाजवताना नजर थोडी खाली आणा आणि माझ्याखाली कुणाचे हात आहेत ते बघा. दर वेळी तेच हात दिसले, तर जागेवरून उठा आणि म्हणा, "द्या इकडे, आता मी धरतो."