तीन चिठ्ठ्या

"एकशे बारा."

बाईंनी चिठ्ठी वाचली, टेबलावरच्या खिळ्याला टोचली आणि पत्र्याच्या पेटीत पुन्हा हात घातला. समोर बसलेल्या औषधवाल्याने कागदावर एकशे बाराच्या पुढे दुसरी रेघ ओढली.

"चाळीस."

"चाळीसला तीन झाल्या," औषधवाला म्हणाला. "चाळीस आत."

वसाहतीच्या मदत मंडळाची ही पद्धत होती. वर्षअखेरच्या सुट्ट्या लागायच्या आधीच्या रविवारी सकाळी फाटकावरची पेटी उघडायची. स्वतःसाठी कुणी मागायचं नाही. शेजाऱ्याने शेजाऱ्यासाठी चिठ्ठी टाकायची, माणशी एक. चिठ्ठीवर नाव नाही, सही नाही, फक्त खोलीचा नंबर. ज्या खोलीच्या तीन चिठ्ठ्या निघतील ती खोली आत. अशा एकंदर दहा खोल्या. त्यांना तीन महिन्यांचा किराणा आणि वर्षभराची औषधं फुकट. "मागणाऱ्याची मान खाली जाऊ नये म्हणून," असं सेक्रेटरी येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचा. त्याचं फरशांचं मोठं दुकान होतं आणि मन वाईट नव्हतं. ज्याच्याकडे कुणाचं लक्षच जात नाही त्याने काय करायचं, एवढं मात्र नियमात लिहायचं राहून गेलं होतं.

चिठ्ठ्या वाचायचं काम पहिल्या वर्षापासून बाईंकडे. दुसरं कुणाकडे जाणार? बसस्थानकावर एकतीस वर्षं माइकसमोर बसून त्यांनी गाड्या पुकारल्या होत्या. अमुक गावाची गाडी अमुक नंबरच्या फलाटावर. एकतीस वर्षांत एक गाडी चुकीच्या फलाटावर पुकारली नाही. त्या बोलल्या की माणसं वर बघायचीसुद्धा नाहीत, सरळ पिशव्या उचलून चालू लागायची. मग एक दिवस साहेबांनी त्यांना काचेच्या खोलीत बसवून सगळ्या गावांची नावं आणि एक ते शंभर आकडे टेपवर बोलून घेतले. चहा पाजला. आणि पुढच्या महिन्यात सांगितलं, की बाई, आता तुम्ही यायची गरज नाही. नोकरी कंत्राटी होती, त्यामुळे पेन्शनचा प्रश्नच नव्हता. आवाज अजून कामाला जातो, बाई घरी असतात.

घरी पेंटर असत. पेंटर म्हणजे बाईंचे यजमान. अर्ध्या शहराच्या दुकानांवरच्या पाट्या त्यांनी रंगवल्या होत्या. चाळीस वर्षं रंगाचा आणि थिनरचा वास घेतला, तो छातीत जाऊन बसला. आता दोन जिने उतरले तर चढता येत नव्हतं, म्हणून उतरतच नसत. डॉक्टरांनी तोंडात मारायचा पंप रोज दोनदा सांगितला होता. बाईंनी तो दिवसाआड एकदा केला होता. गोळ्यांची पट्टी औषधवाल्याकडून अर्धी कापून आणत. "उरलेली पुढच्या आठवड्यात नेते," असं म्हणत, आणि औषधवाला कात्री चालवताना काही बोलत नसे. पण परवा रात्रभर पेंटर उशीला टेकून बसून राहिले तेव्हा डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं, "औषध नेमाने चालू राहिलं तर माणूस चालेल. नाहीतर हा हिवाळा मी सांगू शकत नाही."

म्हणून यंदा बाईंना तीन चिठ्ठ्या हव्या होत्या.

झाकली मूठ सव्वा लाखाची, या म्हणीवर बाईंचा संसार उभा होता. कडक इस्त्रीची साडी, दारात चपला ओळीत आणि कुणी काही विचारलं तर "छान चाललंय." ती मूठ एकदम उघडायची कशी? तरी गेल्या आठवड्यात त्यांनी आडून आडून प्रयत्न करून पाहिला. समोरच्या बिऱ्हाडातल्या वहिनींना गाठलं आणि म्हणाल्या, "हल्ली यांचा खोकला फारच वाढलाय हो."

"काळजी घ्या बाई," वहिनी म्हणाल्या. "बरी भेटलात. मला तुम्हाला विचारायचंच होतं. यंदा चिठ्ठी कुणाची टाकावी तेच कळेना. तुमच्या नजरेत आहे का कुणी खरं गरजू?"

बाई वहिनींच्या तोंडाकडे बघत राहिल्या. वहिनी खरोखरच विचारत होत्या. मग बाईंच्या तोंडून सवयीने खरं तेच निघालं. "नऊ नंबर. काज-बटणं करणारी. मशीनची सुई बोटातून आरपार गेली तिच्या. पदरात दोन मुली आहेत."

"बाई गं! बरं झालं सांगितलंत," वहिनी म्हणाल्या. "तुमच्यासारखी माणसं आहेत म्हणून चाललंय सगळं."

घरी येऊन बाईंनी डाव्या हाताने एक चिठ्ठी लिहिली. सव्वीस. त्यांचीच खोली. आयुष्यात पहिल्यांदा लबाडी केली आणि तीही धड जमेना. सहाचं पोट फाटलं. तीच चिठ्ठी आता, पेटी अर्धी रिकामी झाल्यावर, त्यांच्या हाताला लागली.

"सव्वीस," बाईंनी वाचलं.

सेक्रेटरीने चहाचा कप खाली ठेवला. "सव्वीस? अहो बाई, ते तुमचं घर!"

"वाचायचं काम माझं," बाई म्हणाल्या. "निघालं ते लिहा."

"लिही रे बाबा, लिही," सेक्रेटरी हसत म्हणाला. "कुणा टवाळाला थट्टा सुचलीय."

औषधवाला हसला नाही. त्याने सव्वीसपुढे एक रेघ ओढली आणि मान वर केली नाही.

चिठ्ठ्या निघत राहिल्या. सात खोल्या आत गेल्या, मग एकशे बारा धरून आठ, मग नऊ. एक जागा उरली. एकाहत्तरला दोन रेघा होत्या. तो सेक्रेटरीच्या दुकानाचा वॉचमन. त्याच्या मागोमाग नऊ नंबरलाही दोन झाल्या. पेटीच्या तळाशी चार-पाच चिठ्ठ्या राहिल्या असतील. बाईंनी एक काढली आणि त्यांचा हात जागच्या जागी थांबला.

सव्वीस. अक्षर थरथरलेलं होतं, रेघ मध्येच सुटून पुन्हा धरलेली होती. पण दोनाच्या शेपटीला जाता जाता दिलेला तो जाडसर फटका पाट्या रंगवणाऱ्याचाच होता. चाळीस वर्षं बाईंनी तो दुकानादुकानावर पाहिला होता. घरात त्यांनी या गोष्टीचा उच्चारही केला नव्हता. पेंटरांना कळलं कधी, त्यांनी लिहिलं कधी, खाली पाठवलं कुणाच्या हाती?

"बाई?" सेक्रेटरी म्हणाला.

"सव्वीस."

"दोन झाल्या!" सेक्रेटरीला गंमत वाटली. "आता तिसरी निघाली तर पेढे तुमच्याकडून."

दोन. एक नवऱ्याची, एक बायकोची. एकशे चाळीस खोल्यांच्या वसाहतीत त्यांना आपलं म्हणणारी माणसं एवढीच निघाली. बाईंना रडू आलं नाही, संताप आला. बारा वर्षं त्यांनी या टेबलाशी बसून लोकांची नडलेली घरं पुकारली होती.

मग एकशे तीसची एक निघाली, ती वाया गेली. मग पंचावन्नची, तीही वाया. शेवटची चिठ्ठी बाईंनी उघडली. त्यावर स्वच्छ, वळणदार अक्षरात लिहिलं होतं, नऊ. समोरच्या वहिनींचं अक्षर. बाईंनी सांगितलं, म्हणून त्यांनी टाकली होती.

चिठ्ठी कुणी मागून घेऊन बघत नसे. खिळ्याला टोचलेली चिठ्ठी कुणी परत काढून बघत नसे. बाईंनी वाचलं म्हणजे झालं.

"सव्वीस," बाई म्हणाल्या, आणि चिठ्ठी खिळ्यात खोल दाबली.

सेक्रेटरी टाळी वाजवून हसला. "घ्या! तीन! बाई, तुम्ही गरजू! आमच्या बाई गरजू!" टेबलाभोवती बसलेले मंडळाचे बाकीचे सभासदही हसले. त्या हसण्यात वाईट हेतू मुळीच नव्हता. तेच त्याचं वाईट होतं. "अहो, दर वर्षी स्वतः पदरमोड करून किराण्यात भर घालणारी बाई ही. कुणी केली असेल चेष्टा?"

बाईंनी औषधवाल्याकडे बघितलं. कात्री त्याच्या हातात असायची. त्याला सगळं माहीत होतं. त्याने एक शब्द बोलावा, एवढंच बाईंना हवं होतं.

"बाईंना कशाला लागतंय," औषधवाला कपात बघत म्हणाला. फुकटची औषधं त्याच्याच दुकानातून, त्याच्याच खर्चाने जायची होती.

"तेच म्हणतो मी," सेक्रेटरी म्हणाला. "बाई, नियमाने जागा तुमची. पण आम्ही काय तुम्हाला ओळखत नाही होय? तुम्ही ती सोडणार हे न विचारता माहीत आहे आम्हाला."

सगळे बाईंकडे कौतुकाने बघत होते. 'मला हवी आहे,' एवढे तीन शब्द. जगातल्या सगळ्या गावांची नावं ज्या जिभेवरून घसरून गेली होती, तिला हे तीन शब्द उचलेनात.

"सोडली," बाई म्हणाल्या.

टाळ्या झाल्या.

"नऊ नंबरला द्या," बाई घाईघाईने म्हणाल्या. "तिला दोन आहेत."

"दोन एकाहत्तरलाही आहेत," औषधवाला कागद बघून म्हणाला. "आणि त्याच्या दोन आधी झाल्यात."

"ज्याच्या दोन आधी, तो आधी. नियम तुमचाच आहे बाई," सेक्रेटरी म्हणाला. "सहा वर्षांपूर्वी तुम्हीच भांडून घालून घेतलात. आता तुम्हीच मोडायला सांगता? चला, एकाहत्तर. बिचाऱ्या वॉचमनचं भलं झालं."

बाई दोन जिने चढून घरी आल्या तेव्हा पेंटर उशीला टेकून दाराकडेच बघत होते.

"निघालं का गं आपलं?" त्यांनी विचारलं. बाई दारातल्या चपला ओळीत लावू लागल्या तसे ते ओशाळून हसले. "रागावू नकोस. दूधवाल्याकडे दिली होती टाकायला. तुझ्याच्याने व्हायचं नाही, मला ठाऊक होतं. एकीने काय होणार म्हणा. पण म्हटलं, टाकून बघू."

"तीन निघाल्या," बाई म्हणाल्या.

पेंटर ताठ बसले. "तीन?"

"मी नको म्हटलं. जागा सोडली."

आता ते ओरडतील, निदान तोंड फिरवतील, असं बाईंना वाटलं. ओरडले असते तर बरं झालं असतं. पेंटर थोडा वेळ श्वास गोळा करत बसले आणि मग त्यांचा सगळा चेहरा उजळला.

"ते सोडलंस ते सोडलंस, तुझा स्वभाव. पण तीन गं! माझी एक धर. म्हणजे दोन परक्या माणसांनी टाकल्या. आणि मी इथे पडल्या पडल्या म्हणत होतो, की आपण मेलो तर वास येईपर्यंत कुणाला कळायचं नाही." त्यांना खोकला आला, पण त्यातही ते हसत होते. "कुणाच्या असतील? समोरच्या वहिनींची एक. हो ना?"

"असेल."

"आणि दुसरी?" ते बोटाने चादरीवर टकटक करत विचार करू लागले. कित्येक दिवसांत त्यांना असा विचार करताना बाईंनी पाहिलं नव्हतं. "खालची! नऊ नंबरवाली. ती बोटात सुई घुसवून बसलीय, तरी तिने आपली टाकली. ज्याचं जळतं त्यालाच कळतं. जा, तिला भेटून ये."

"उद्या जाईन."

"उद्या कशाला? आत्ता जा. तिला म्हणावं, आम्ही विसरणार नाही. जा गं, मी ऐकतोय इथून."

जिन्यावरची पावलं पेंटरांना पलंगावरून मोजता येत असत. म्हणून बाईंनी चपला घातल्या आणि त्या दोन्ही जिने पुरते उतरल्या. नऊ नंबरचं दार लोटलेलं होतं. आत मशीन चालू होतं, मध्येच अडत होतं, मग थोरली मुलगी म्हणत होती, "आई, तू राहू दे, मी मारते पायडल." बाई दाराबाहेर उभ्या राहिल्या. दोन बायकांना बोलायला जेवढा वेळ लागतो तेवढा वेळ उभ्या राहिल्या आणि पुन्हा वर आल्या.

"काय म्हणाली?" पेंटरांनी विचारलं.

"त्यात काय एवढं, म्हणाली."

"बघ," पेंटर म्हणाले, आणि समाधानाने कुशीवर वळले.