पहिल्या दोन पायांची अदलाबदल

“काका, तुम्हाला हे खरंच येतं का हो?”

हे विचारायची पैज मैत्रिणींनी लावली होती, कारण दुरुस्तीवाल्या काकांच्या पाटीवरचेच निम्मे दिवे गेलेले. बाकीच्या दारात खिदळत राहिल्या आणि शिट्टी (आवाजावरून पडलेलं नाव, ती ते मिरवायचीसुद्धा) विचारून मोकळी झाली. काकांनी चष्म्यावरून पाहिलं, स्टूल पुढे सरकवलं. “बस इथे. बघ म्हणजे कळेल.”

टेबलावर शाळेचा जुना कीबोर्ड पोट उघडून पडला होता. वाद्यवृंदाच्या अकरा चाली त्यात साठवलेल्या, पण पडदा काळाठिक्कर. कोणती चाल लागली ते दिसायचंच नाही, संगीताच्या बाईंचं सगळं अंदाजपंचे चालायचं. तो पडदा बनवणं कंपनीने कधीच बंद केलेलं. आज जमलं नाही तर कीबोर्ड उद्या भंगारात, आणि शिट्टीने दोन वर्षं खपून बसवलेल्या तीन चालीही त्याच्यासोबत.

काकांनी दुसऱ्याच कंपनीचा, त्याच मापाचा पडदा पैदा केला होता. यालाही तारा जोडायचे सोळा पाय, त्यालाही सोळा. सवयीने त्यांनी पहिल्याला पहिला, दुसऱ्याला दुसरा जोडत नेला. शिट्टी दोन्ही पडद्यांचे कागद शेजारी ठेवून वाचत बसली, आणि तिथेच घोडं पेंड खाताना सापडलं. जुन्यात वीज पहिल्या पायातून आत यायची नि दुसऱ्यातून परत जायची. नव्यात नेमकं उलटं.

काकांचा हात बटणाकडे गेला होता.

“थांबा काका. पहिले दोन पाय उलटे आहेत.”

काकांनी कागद ओढून घेतला, दोनदा वाचला. तीस वर्षं हेच करतोय आणि आज कोळसा केला असता, असं काहीतरी पुटपुटले. मग तापलेली सोल्डरिंगची कांडी तिच्याच हातात दिली. “आता तूच बदल.”

तिने दोन्ही तारांची अदलाबदल केली, कथलाचा थेंब बरोबर जागी बसला. बटण दाबलं. उजेड आला, अक्षरं नाहीत. काकांनी कोपऱ्यातला, अक्षरं गडद-फिकी करणारा इवलासा स्क्रू दाखवला. तिने तो केसभर फिरवला, आणि आधी पुसट, मग ठसठशीत, तिच्या पहिल्या चालीचं नाव उमटलं. दारातल्या मैत्रिणींनी दुकान डोक्यावर घेतलं.

शिट्टी धावतच घरी आली. चपला एक इकडे, एक तिकडे. आई-बाबा चहा घेत होते.

“तुम्ही नाव घातलेला सुट्टीतला हस्ताक्षराचा वर्ग रद्द. मी रोज दुरुस्तीवाल्या काकांच्या दुकानात शिकायला जाणार. त्यांनी हो म्हटलंय, आणि मी विचारत नाहीये, सांगतेय.”