जुनी बॅटरी आधी काढली

दमलो बुवा. चौसष्टाव्या वर्षी नाणं टाकून खेळायच्या मशिनी दुरुस्त करत बसणं म्हणजे शुद्ध वेडेपणा आहे, हे मला कुणी सांगायला नको. पाठ रोज सांगते.

दुकानात अकरा मशिनी आहेत. त्यातल्या दहांचं मला फारसं काही नाही, तसल्या आणखी कुठे ना कुठे सापडतील. अकरावी मात्र एकुलती एक. खेळ माझ्या भागीदाराने लिहिला, लाकूडकाम माझं. अशा तीन केल्या होत्या, दोन भंगारात गेल्या. पडद्यावर एक बुटका पोस्टमन, त्याच्या मागे कुत्री, आणि पत्रं वाटत गल्ल्या पालथ्या घालायच्या. बस, एवढंच. पण त्यासाठी रांगा लागायच्या.

खेळ कुणी चोरू नये म्हणून भागीदाराने त्याला कुलूप घातलं होतं. किल्ली म्हणजे काही आकडे. ते मशिनीतल्या बोर्डावरच्या एका चिपमध्ये असतात आणि ती चिप एका छोट्या बॅटरीवर जगते. बॅटरी गेली की आकडे पुसले, खेळ संपला. आकडे काय होते, ते आता त्यालाही आठवत नाही. म्हणून दर पाच वर्षांनी बॅटरी बदलायची, आणि पद्धत ठरलेली. आधी नवी शेजारी जोडायची, मगच जुनी काढायची. चिपला क्षणभरही उपाशी ठेवायचं नाही.

यंदा भागीदाराने अंथरूण धरलं. तिसरा मजला, लिफ्ट नाही. फोनवर म्हणाला, "अरे, एकदा तो पोस्टमन खेळायचाय मला. मग डोळे मिटले तरी चालतील."

"उगाच अभद्र बोलू नकोस," मी म्हटलं. "आणतो."

माझी मुलगी कंप्युटरचं काम करते. ती लगेच म्हणाली, "बाबा, बॅटरी चालू आहे तोवर मी चिपा वाचून त्यांची कॉपी करून घेते. अर्ध्या तासाचं काम. खेळ लॅपटॉपवर चालेल, काकांच्या मांडीवर ठेवू."

माझं डोकंच फिरलं. "मांडीवर घ्यायला तो खेळ आहे की मांजर? उभं राहून खेळायचं असतं ते! ती दांडी, ती जाड काच, बटण दाबल्यावर येणारं खट्ट. नक्कल ती नक्कलच. आणि एकदा कॉपी झाली की माझ्या मशिनीला कोण विचारतंय?"

"मशीन मोडा म्हणतेय का मी? दोन्ही असू दे ना."

"नको म्हटलं ना!"

दोन महिने हाच वाद. ती कधी समजवायची, कधी चिडायची, आणि मी दर वेळी नवं भाषण ठोकायचो. शेवटी तिने विषय सोडला. मला वाटलं, जिंकलो.

मशीन त्याच्या घरी न्यायला चार हमाल ठरवले. आदल्या दिवशी मनात आलं, जिन्यात हादरे बसतील, बॅटरी जुनी आहे, वाटेतच दगा दिला तर? बदलूनच टाकू. सकाळपासून मशिनीचे सगळे स्क्रू आवळून कंबरेचा काटा ढिला झाला होता, चष्म्यावर घाम. बोर्ड टेबलावर घेतला, सोल्डर वितळवलं, जुनी बॅटरी उचलून बाजूला ठेवली. नवी माझ्या डाव्या हातात होती.

ती हातात दिसली तेव्हा कळलं, आधी ती जोडायची होती. इतक्या वेळा केलेलं काम! भेटेल त्याला शिकवलेलं! घाईघाईने नवी जोडली, बोर्ड मशिनीत बसवला, मशीन सुरू केली. पडद्यावर नुसते रंगीबेरंगी चौकोन. बंद केली, परत लावली. चौकोनच.

मुलगी ऑफिसातून तशीच धावत आली. चिपा दोनदा वाचल्या आणि मान हलवली.

"खरं सांग," मी म्हटलं, "माझ्या नकळत कॉपी केली असशीलच तू. मी रागावणार नाही. तुझी शप्पथ."

तिचे डोळे भरले. "नाही हो बाबा. तुम्ही नको म्हणालात ना."

तिने ऐकलं म्हणून मला तिचा राग आला. असा बाप मी. मग स्वतःचीच लाज वाटली आणि मी हमालांना नको म्हणून कळवलं.

दुसऱ्या दिवशी एकटाच गेलो. प्रत्येक मजल्यावर थांबत वर पोचलो. भागीदार उशांना टेकून बसला होता. दाढी केलेली, इस्त्रीचा शर्ट घातलेला. त्याची बायको पाणी देऊन आत गेली. मी एका दमात सगळं सांगून टाकलं. बॅटरी, चौकोन, सगळं.

त्याने पाण्याचा पेला माझ्यासमोर सरकवला. मग म्हणाला, "जाऊ दे रे. ते धूड जिन्यातून वर येणार कसं, याचीच मला काळजी होती. पोरीने कॉपी केली असेल ना? ती लाव. मला खेळ खेळायचाय, खोकं काय करायचंय?"

"कॉपी नाही," मी म्हटलं. "ती करते म्हणाली होती. दोन महिने म्हणत होती. मीच करू दिली नाही."

तो माझ्याकडे बघत राहिला. रागाने नाही, त्याला खरंच कळत नव्हतं.

"का रे?" त्याने विचारलं.

दोन महिने या प्रश्नावर मी तासन्‌तास बोललो होतो. आता मी पाण्याचा पेला उचलला आणि तो संपेपर्यंत खाली ठेवला नाही.