सुंदररावच्या दारातले बैल

तालुक्याच्या कचेरीतून रोज सांजच्याला मोबाइलवर बातम्या सुटायच्या. अमक्या गावात टँकर पोचला, तमक्या गावात साहेबांनी पाहणी केली, शेतकऱ्यांत समाधान पसरलं. बोरदऱ्याच्या चारा छावणीत जनावरं बांधून बसलेला बन्सी त्या मोठ्यानं वाचून दाखवायचा आन बायनाबाई तोंडाला पदर लावून हसायची.

"काय बाई ह्या सरकारला समाधान घावतंय! आमाला मेलं गावभर हुडकून दिसंना."

हसायची खरं, पण जीव टांगणीला होता. दोन वर्षं पावसानं तोंड दाखवलं नव्हतं. लेक भारत आन सून कारखान्याच्या ट्रॅक्टरवर बसून ऊस तोडायला गेली, बैलजोडी म्हातारीच्या गळ्यात बांधून. जाताना लेक म्हणाला होता, "आई, एक येळ मला इसर, पण बैलं जगव." घरात कडब्याची काडी नव्हती. हरण्या आन पाखऱ्या उभे होते ते ह्या छावणीच्या जिवावर. छावणी मोडली की बाजार, आन दुष्काळातल्या बाजारात बैल कोण घेतो ते सांगायची गरज न्हाई.

छावणी दूध सोसायटीची. म्हणजे चारा सरकारचा, जागा गायरानाची, राबणूक लोकांची आन मिशीला पीळ चेअरमन सुंदररावचा. आयजीच्या जिवावर बायजी उदार! हा गडी उसाचं वाढं, म्हणजे शेंड्याचा पाला, पाण्यात भिजवायचा, मग वजन करून वाटायचा. जनावर अर्धं पाणीच खायचं. पण बोलणार कोण? बोललं की दावणीतून जनावर सुटायचं.

अशात एक दिवस सुंदररावनं दवंडी दिली. तालुक्याचे साहेब छावणीच्या पाहणीला येणार!

"फोटो जिल्ह्यापर्यंत गेला पायजे," तो म्हणाला. "जनावरं पोळ्यावानी सजवा."

आता बोरदऱ्याची ही खोडच. पाहुणा कुणी का असंना, सजवायचं. मागं फुटका पाझर तलाव बघायला इंजिनेर आला, तर ह्या दीडशहाण्यांनी तलावाच्या भिंतीला चुना फासला होता. बन्सी तेवढा कावला.

"आरे, भीक मागायला निघालेला माणूस जरीचा फेटा बांधून जातो का बे?"

त्याचं कुणी ऐकलं न्हाई. बायनाबाईनं तर मुळीच न्हाई. तिची जोडी पोळ्याला कैक वर्षं पहिली यायची. शेजारच्या धुळाजीचे बैल झुलीत आन माझे उघडे? मरून जाईन मी! तिनं पेटीतून झूल काढली. शिंगं तासून घेतली, लाल हिंगूळ लावला, टोकांना पितळी शेंब्या चढवल्या. गळ्यात घुंगूरमाळ, कपाळाला गोंडा. घरातलं भाजीचं तेल तिनं बैलांच्या अंगाला चोळलं. स्वतः कोरडी भाकर खाल्ली, पण बैल चकाकले. झुलीखाली बरगड्या मोजून घ्याव्यात अशा होत्या, त्या झाकल्या गेल्या.

मांजरसुंब्याच्या धाब्यावर जेवून साहेब आले, ढेकर देतच. सोबत कचेरीतला उत्तरेश्वर, बातम्या सोडणारा तो हाच. साहेब पहिल्या दावणीच्या पुढं गेलेच न्हाईत. उन्हं फार होती म्हणे! उन्हं काय त्यांच्यासाठी येगळी पडली होती? त्यांनी हरण्याच्या पाठीवर, म्हणजे झुलीवर, थाप मारली.

"वा! जनावरं तर ठणठणीत आहेत. कुणाची जोडी?"

बायनाबाईनं आत दाबून ठेवलं होतं ते सगळं बोलायचं ठरवलं होतं. चारा भिजवतात, पेंड येत न्हाई, बैल उठता उठत न्हाईत. पण साहेबानं चारचौघांत जोडीचं कौतुक केलं आन बाई लाजली. लाजून हसली!

"माझीच की," म्हणाली.

उत्तरेश्वरनं फोटो घेतला. त्यात बाईचं हसू बी आलं.

सांजच्याला बन्सीनं बातमी वाचली. बोरदरा छावणीतील जनावरे सुदृढ, चाऱ्याची परिस्थिती समाधानकारक, आवश्यकता न उरल्याने छावणी बंद. पहिल्यांदा कुणालाच कळलं न्हाई. मग कळलं आन दावणीला मयत झाल्यागत झालं. बायनाबाईनं स्वतःच्या थोबाडीत मारून घेतली. तोंड उघडायच्या वक्ताला नटमोगरी कावून झालीस ग? सुंदररावचं मात्र कुठं काय अडलं? त्यानं फोटो चौकटीत बसवायला धाडला आन छावणीतला उरलेला चारा रातोरात ट्रॉली भरभरून स्वतःच्या वाड्यामागं ताडपत्रीखाली नेऊन टाकला. मढ्याच्या टाळूवरचं लोणी खाणारी जात ही!

दुसऱ्या दिवशी बायनाबाई पहिल्या यष्टीनं पाटोद्याला तालुक्याच्या कचेरीत गेली. उत्तरेश्वर मोबाइलमधी मान घालून बसला होता.

"बाबा, ती बातमी मागं घे."

"मावशी, गेलेली बातमी मागं येते होय? जिल्ह्यानं वाचली ती."

"मग दुसरी सोड. बोरदऱ्याची बैलं मरायला टेकली म्हणून."

"तसली बातमी जात नसते. चांगलीच पाठवायची असते, रोज एक तरी. आन खरं सांगू का, आजची मला अजून सापडली नाही. वरून फोनवर फोन चाललेत."

बायनाबाई त्याच्या तोंडाकडं बघतच राहिली. शिकलेला, नेटका, इस्त्रीचा माणूस. आन धंदा काय, तर चांगलं हुडकायचं. तिला त्याची कीव आली न्हाई. किळस आली. पण कालच्यासारखं हसून गप बसायचं न्हाई, एवढं तिनं ठरवलं होतं.

"तुला चांगली बातमीच पायजे न्हवं? मग सांजच्याला सुंदररावच्या दारात ये. लई चांगली देते."

गावात येऊन तिनं जोडी सोडली. झूल न्हाई, गोंडा न्हाई. उघडे बैल अडखळत, बसत, उठत सुंदररावच्या वाड्यापर्यंत आले. तिनं ते थेट अंगणात बांधले, एक ओट्याच्या खांबाला आन एक त्याच्या नव्या मोटारीला. मागं ताडपत्रीखालून चार पेंढ्या ओढल्या आन पुढ्यात टाकल्या. सुंदरराव धोतर सावरत भाईर आला.

"ए बाये, येडी झालीस का? सोड ती जनावरं! हे माझं घर हाय, छावणी न्हाई!"

"चारा छावणीचाच हाय न्हवं? मग जिथं चारा तिथं बैल."

"पोलिसाला बोलावीन!"

"बोलाव की! त्यालाबी दाखविते ताडपत्रीखाली काय हाय ते. लाज वाटती का मुडद्या? मुक्या जनावराचा घास पळवून मिशा पिळतोस!"

सुंदररावनं हात उगारला. तेवढ्यात फाटकातून मोबाइल वर धरून उत्तरेश्वर आत शिरला. आन काय सांगावं! उगारलेला हात हवेतच वळला आन अलगद पाखऱ्याच्या पाठीवर जाऊन बसला. तोंडावर हसू आलं, मान वाकडी झाली. आयुष्यभर फोटोला उभा राहिलेला माणूस, त्याचं अंगच आपोआप उभं राहिलं.

"स्वखर्चानं, लिही," तो म्हणाला. "बैलांचे हाल बघवले न्हाईत म्हणून."

"वा चेअरमन! काम झालं माझं," उत्तरेश्वर म्हणाला आन तिथंच उभ्या उभ्या बातमी सोडून मोकळा झाला.

दुसऱ्या दिवशी सकाळीच वाड्यासमोर धुरळा उठला. धुळाजी, बन्सी, वरच्या आळीची सिंधुबाई, बौद्धवाड्यातला गहिनीनाथ, ज्याची जनावरं छावणीत होती तो जो तो दावं धरून हजर. बन्सीनं फाटकातूनच मोठ्यानं वाचलं. "चेअरमन सुंदरराव यांनी आपल्या राहत्या घरी सर्व जनावरांसाठी मोफत चाऱ्याची सोय केली असून गरजूंनी लाभ घ्यावा." दोन बैलांची सर्व जनावरं उत्तरेश्वरनंच केली होती, आन शेवटलं वाक्य तर तो सवयीनं सगळ्याच बातम्यांना जोडायचा.

सुंदरराव ओट्यावर फोन कानाला लावून घामाघूम उभा होता. जिल्ह्यातून अभिनंदन चाललं होतं. "जी साहेब... कर्तव्यच आहे साहेब... हो, शेवटपर्यंत चालवणार साहेब." त्याला फोन ठेवता येईना आन जनावरं हाकलता येईनात. ताडपत्री कुणीतरी पार ओढून काढली होती.

हरण्या खाली मान घालून कराकरा खात होता. किती दिवसांनी तो आवाज आला! बायनाबाईचे डोळे भरले, पण रडायला तिला सवड नव्हती. बादली उचलून ती ओट्यापाशी गेली आन फोनवर जी-जी करणाऱ्या चेअरमनला हटकून म्हणाली, "झालं का बोलून? मग बोरची मोटार चालू करा. बैलं तान्हेली हायेत."