उसनी गाठ

“गाठ नाहीये हो बाई इथं,” डॉक्टरीणबाई तिसऱ्यांदा चाचपून म्हणाल्या.

“नीट बघा ना. सकाळी होती.”

“सकाळी होती म्हणजे? गाठ काय कामावर जाते?”

गाठ खरोखरच कामावर गेली होती. गाठ नवऱ्याच्या छातीत होती, आणि नवरा त्या वेळी एका सातमजली इमारतीत अडकलेली लिफ्ट सोडवत होता.

लग्नाला बावीस वर्षं झाली होती. त्याला बूट चावले तर परत करायला हीच जायची, घरमालकाशी भांडायलाही हीच. त्यामुळे बोंडामागे वाटाण्याएवढं काही लागलं तेव्हा त्याने तेही तिच्याकडे सोपवलं. “बायकांचा रोग आहे, तूच दाखव. मी बायकांच्या रांगेत बसू? त्यापेक्षा मरेन.” माणूस शब्दाचा पक्का होता.

“बोंडातून काही येतं का?” बाईंनी विचारलं.

“कधीकधी रक्त. बनियनला डाग पडतो.”

“बनियनला?”

“उकडतं हो फार.”

बाईंनी फोटो काढायला लावला. तो स्वच्छ निघाला. “हे बघा, सगळ्याच गाठी वाईट नसतात. काही पाण्याच्या असतात, काही नुसत्या तंतूंच्या, काहींना हातही लावावा लागत नाही. पण आधी गाठ असायला तर हवी! घरी काही त्रास आहे का?”

“आहे. नवरा.”

बाईंनी झोपेच्या गोळ्या लिहून दिल्या.

संध्याकाळी नवऱ्याने रिपोर्ट दोनदा वाचला. “कुठेही दोष नाही. बघ! म्हणालो नव्हतो?”

“अहो, तो माझा फोटो आहे!”

“रोग तोच ना? मग झालं तर.”

ती रडली, भांडली, दोन दिवस अबोला धरला. त्याने गोळ्या मात्र महिनाभर नेमाने घेतल्या. तो गाढ झोपायचा. गाठ जागी राहिली.

आठ महिन्यांनी कातडी फुटली, तेव्हा तिने त्याला दंडाला धरून नेलं. खिडकीतला कारकून म्हणाला, “पेशंटला पुढे करा.”

“हेच पेशंट.”

त्या विभागात पुरुष लिहायची सोय कॉम्प्युटरमध्ये नव्हती. कारकून भला होता. त्याने ‘श्रीमती’ लिहून दिलं. “तात्पुरतं हं, साहेब.” बाकावर एकोणीस बायका होत्या. एक सरकून म्हणाली, “बसा हो दादा, इथं कोण कुणाला लाजतंय.” तो उभाच राहिला.

डॉक्टरीणबाईंनी आधी त्याला पाहिलं, मग तिला. बराच वेळ तिलाच पाहिलं.

“वाटाण्याएवढी होती तेव्हा आणलं असतंत तर तेवढी बाजू काढून टाकली असती. काखेतल्या गाठी तपासल्या असत्या, पुढे काही वर्षं रोज एक गोळी. परत लिफ्टवर चढले असते. आता हाडांत गेलंय. गोळ्यांनी जरा थोपवू, दुखू नये म्हणून किरणांचा शेक देऊ. बरं करणारं औषध नाही आता.” मग त्या म्हणाल्या, “यांना सख्खा भाऊ आहे? त्याला तपासायला सांगा. कधीकधी हे घराण्यातच असतं.”

रिक्षात नवरा एवढंच बोलला, “हार्ट म्हणून सांगायचं. धाकट्यालासुद्धा. माझी शपथ.”

तो पाच महिने जगला. त्याला पोचवल्यावर घर भरलं.

“हार्टचं काही सांगता येत नाही,” शेजारचे काका म्हणाले.

“दादाचं काळीजच मोठं होतं,” धाकटा दीर म्हणाला. “ताण घ्यायचा नि बोलायचा नाही. आमच्या घरात पुरुष हार्टनेच जातात, वहिनी.”

दिराचं वय चाळीस, दोन पोरं पदरात. तिने त्याच्याकडे पाहिलं. शपथ घालणारा आता नव्हता, आणि असता तरी हे सांगायलाही त्याने तिलाच पाठवलं असतं.

“हार्ट नव्हतं, भावजी,” ती सगळ्यांदेखत म्हणाली. “स्तनाचा कॅन्सर होता.”

कुणीतरी खोकलं. काकांनी हाताची घडी घातली, ती जरा वरच घातली. एक मामी म्हणाली, “अगं, गेलेल्या माणसाची अशी बदनामी?”

“पुरुषांनाही होतो. भावाला तपासा, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्यात.”

दीर उठून बाथरूममध्ये गेला. कडी लागली. नळ सोडल्याचा आवाज आला नाही. मामीचं बोलणं चालूच होतं, पण हळूहळू सगळ्यांचे कान त्या दाराकडे लागले.

तो बाहेर आला तेव्हा शर्टाची बटणं वरखाली लागली होती. भिंतीकडे बघत तो म्हणाला, “वहिनी, त्या बाईंकडे... तुमची ओळख आहे ना? तुम्हीच जाऊन विचाराल का?”

तिने दारातल्या त्याच्या चपला उचलल्या आणि त्याच्या पायाशी ठेवल्या.