संध्याकाळी पाचची वेळ

“तू नको. आत्या घालेल वेणी,” मुलगी म्हणाली आणि आईच्या हातातला कंगवा काढून घेऊन स्वयंपाकघरात निघून गेली.

ती पलंगाच्या कडेला तशीच बसून राहिली. मुलीचं काही चुकलं नव्हतं. काल तिने घातलेली वेणी शाळेत पोचायच्या आधीच सुटली होती. हात वर धरले की दोन मिनिटांत ते दुसऱ्याच कुणाचे तरी असल्यासारखे खाली येत. हे सगळं खरं असलं, तरी सहा वर्षांच्या पोरीने आईला इतक्या सहज बाजूला करावं?

“हलू नकोस गं, भांग नागमोडी येईल,” आतून नणंदेचा आवाज आला. मग दोघी कशाला तरी हसल्या. कशाला, ते तिला ऐकू आलं नाही.

नणंद म्हणजे नवऱ्याची थोरली बहीण. लग्न केलेलं नाही, एका कचेरीत टंकलेखिका, भरपूर रजा साठलेली. एका संध्याकाळी दोन वर्षांच्या धाकट्याला कडेवर घेऊन जिना चढताना हिचे पाय मध्येच थांबले आणि शेजाऱ्यांनी दोघांना धरून वर आणलं. दुसऱ्या दिवशी ताई एक बॅग घेऊन दारात हजर. कुणी बोलावलं नव्हतं. पंधरा दिवसांसाठी आल्या होत्या, आता तिसरा महिना चालू होता. अशा माणसावर रागावता येत नाही, आणि खरी अडचण तीच होती.

ती चष्म्याच्या दुकानात कामाला होती. मागच्या खोलीत बसून काचा फ्रेमच्या आकाराला घासायच्या, बसवायच्या, स्क्रू पिळायचे. नऊ वर्षांत तिच्या हातून मोजून तीन काचा फुटल्या होत्या. या दोन महिन्यांत पाच फुटल्या. चार वाजून गेले की एका स्क्रूचे दोन दिसत आणि त्यांतला खरा कुठला ते कळत नसे. दुकानात डोळे तपासणाऱ्या गृहस्थांनी एका सकाळी तिला खुर्चीत बसवून पाहिलं. “नंबर शून्य,” ते म्हणाले. “तुमच्यासारखी गिऱ्हाइकं आली तर दुकान बंद करावं लागेल.”

डॉक्टर चार झाले होते. दुकानात उशिरा यायची परवानगी मिळे, म्हणून प्रत्येक वेळ सकाळी नऊची. रात्रभराची झोप झालेली असे. डॉक्टर म्हणत, “माझी बोटं दाबा,” आणि ती शहाण्या विद्यार्थिनीसारखी जीव खाऊन दाबे. रक्ताचे सगळे रिपोर्ट उत्तम. चौथ्या डॉक्टरांनी तर मान वर न करताच सांगितलं, “लहान मुलं, त्यात नोकरी. थकवा येणारच. मन रमवा कशात तरी.”

त्या दिवशी बाहेरच्या बाकावर एक बाई तिच्याशेजारी बसली होती. “मला संधिवात,” बाई आपलं आडनाव सांगावं तशी म्हणाली. “तुम्हाला काय?”

“अजून कळलं नाही.”

“अच्छा,” असं म्हणून बाईने तिच्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. बाईची फाइल जाडजूड होती. नवरा तिची पिशवी धरून उभा होता. तिला त्या बाईचा इतका हेवा वाटला, की घरी येईपर्यंत तिची तिलाच लाज वाटली. आजाराचा हेवा नव्हता. त्याला नाव होतं, त्याचा हेवा होता.

नवऱ्याला मात्र हायसं वाटलं. तो लिफ्ट दुरुस्त करायचा. पाळी दुपारची असे आणि तो परतायचा तेव्हा ती झोपलेली असायची. “चार जणांनी सांगितलं, काही नाही म्हणून. चांगलंच आहे ना?” तो म्हणाला. मनापासून म्हणाला. तिला त्यात दुसरंच ऐकू आलं: मग हे काय चाललंय तुझं?

नणंद काहीच म्हणत नसे. ती फक्त सगळं करत असे. धाकट्याला कोणता वाटी-चमचा लागतो, मुलीला कोणता मोजा टोचतो, कुठलं गाणं म्हटलं की दोघं झोपतात, हे एक-एक करत ताईंकडे गेलं होतं. आपल्याच घरातून आपला मुक्काम हलतोय असं तिला वाटे.

त्या गुरुवारी ती दुकानातून परतली तेव्हा धाकटा खुर्चीवरून पडून नुकताच रडायला लागला होता. ती दारातच वाकली, हात पसरले. तो उठला, तिच्याकडे न येता आत धावला आणि नणंदेच्या मांडीला मिठी मारून म्हणाला, “आई.”

नणंदेने त्याला उचललं. त्याचं डोकं कुरवाळलं. ‘मी आत्या’ असं काही म्हणाली नाही.

तिला उभं राहता येईना. भिंतीला धरून ती कशीबशी उठली आणि म्हणाली, “आई म्हणवून घ्यायची एवढी हौस होती, तर स्वतःचं मूल का नाही होऊ दिलंत, ताई?”

शब्द नाकातून, बोजड आले, पण कळायचं ते कळलं. मुलगी चित्र काढता काढता थांबली. नणंद धाकट्याची पाठ थोपटत राहिली. मग खालच्या आवाजात म्हणाली, “उद्या संध्याकाळी पाचची वेळ घेतलीय डॉक्टरांची. दुकानातून परस्पर निघ. शेजारच्या काकूंना मुलांजवळ थांबायला सांगितलंय. आणि उद्या दुपारी जराही पडू नकोस.”

“आणखी कशाला डॉक्टर?”

“त्यानंतर मी जाते माझ्या घरी.”

दवाखाना तिसऱ्या मजल्यावर होता. ती लिफ्टकडे वळली, तशी नणंदेने तिचा दंड धरला. “जिन्याने चल.”

“ताई, मला नाही जमणार.”

“माहितीये. म्हणूनच.”

प्रत्येक मजल्यावर थांबत दोघी वर पोचल्या. तिला वाटलं, कालच्या बोलण्याचा सूड असणार हा. आत गेल्यावर डॉक्टरीणबाईंनी विचारलं, “काय होतंय?” तिने तोंड उघडायच्या आत नणंदच म्हणाली, “हिला मोठ्याने आकडे मोजायला सांगा. मग डाव्या पापणीकडे बघा.”

तिने मोजायला सुरुवात केली. चाळीसपर्यंत आवाज बरा होता. साठच्या पुढे शब्द नाकात शिरले. पंचाहत्तरला डॉक्टरीणबाई खुर्ची पुढे ओढून बसल्या.

“पाचनंतर रोज असंच होतं,” नणंद सांगत होती. “पापणी उतरते. दुकानात एकाचे दोन दिसतात, हे तिनेच सांगितलंय. जेवताना चावायला लागली की हनुवटीला हात लावून जबडा धरते. कुणाला दिसू नये म्हणून मान खाली घालते.”

तिचा चेहरा तापला. ती हे लपवते, हे घरात कुणाला ठाऊक असेल असं तिला वाटलं नव्हतं. नवऱ्याला नव्हतं. या बाईला होतं.

डॉक्टरीणबाईंनी रबरी हातमोज्यात बर्फ भरून तिच्या मिटलेल्या पापणीवर दोन मिनिटं धरला. काढला, तेव्हा डोळा पुरता उघडला होता. “बघा,” त्या नणंदेला म्हणाल्या आणि पहिल्यांदाच हसल्या. “मायस्थेनिया म्हणतात याला. नसेचा निरोप स्नायूपर्यंत पोचतो, पण स्नायूला तो नीट ऐकू येत नाही. विश्रांती झाली की पुन्हा ऐकू येतो, म्हणून सकाळी काही सापडत नाही. रक्ताची एक तपासणी आणि नसांची एक, एवढ्याने पक्कं होईल. गोळ्या आहेत. पूर्ण जाईलच असं सांगत नाही, पण तुम्ही उभ्या राहाल.”

ती रडली. चारही डॉक्टरांपुढे रडली नव्हती. आणि रडतानाही मनात एक काटा होताच: हेसुद्धा हिनेच शोधलं.

उतरताना नणंदेने लिफ्टचं बटण दाबलं. लिफ्ट यायला वेळ लागत होता.

“कधीपासून कळलं होतं तुम्हाला?” तिने विचारलं.

“महिना झाला असेल.”

“मग आधी का नाही बोललात?”

नणंद बंद दाराकडे बघत राहिली. “सहा वाजायला आले की धाकटा दाराशी जाऊन बसतो. मी कितीही बोलावलं तरी उठत नाही. काल तसाच बसला होता, तू यायला उशीर केलास, म्हणून तर कडी काढायला खुर्चीवर चढला. हेही सांगायला हवं होतं तुला. नाही सांगितलं.”

लिफ्ट आली. आत दोघी शेजारी उभ्या राहिल्या. कालच्या वाक्याची माफी तिला मागायची होती, पण थकलेल्या जिभेने ती बोबडी उमटली असती. तिने नणंदेच्या हातातली पर्स काढून आपल्या खांद्याला लावली. तिच्याने तेवढंच झालं.

तपासण्यांनी नाव पक्कं केलं. गोळी घेतल्यावर पाऊण तासाने अंगात बळ येई, तीन-चार तास टिके. त्या तासांत काय काय उरकायचं ते ती शिकली. दुकानदाराने तिला सकाळची कामं दिली. नवऱ्याने चौकशी करून पहाटेची पाळी मागून घेतली आणि एका संध्याकाळी तिच्यासमोर बसून तिची पापणी उतरताना नीट बघितली. “ताई जाताहेत रविवारी,” तिने सांगितलं तेव्हा त्याने नुसती मान हलवली.

रविवारी त्याला कामावर जावं लागलं. नणंदेला सोडायला ती दोन्ही मुलांना घेऊन थांब्यावर गेली. निघायच्या आधी तिने गोळी वेळेवर घेतली होती.

“फोन कर,” नणंद म्हणाली.

“करेन. तुम्हीही या. बोलावलं नाही तरी या.”

बस सुरू झाली तसा धाकटा तिच्या कडेवर उसळला. खिडकीकडे दोन्ही हात फेकून “आत्या, आत्या” करत ओरडू लागला. त्याचं डोकं आपल्या खांद्यात दाबून घ्यावं, गाणं म्हणावं, लक्ष दुसरीकडे वळवावं असं तिला वाटलं. महिनाभरापूर्वी तिने तसंच केलं असतं.

बस दूरच्या वळणापर्यंत सरळ जात होती. तिच्या खांद्यावरून त्याला बस शेवटपर्यंत दिसावी म्हणून ती रस्त्याकडे पाठ करून उभी राहिली, आणि तो रडायचा थांबेपर्यंत हलली नाही.